शिष्याचा लेप आणि विणकराचे हात

एकदा एका शिष्याला असं वाटू लागलं, की आता आपल्याला सगळं येतं. तसं वाटणं साहजिकच होतं म्हणा. अच्युत त्याचं नाव. वय पंचविशीच्या आतबाहेर, बुद्धी तल्लख आणि पाठांतर असं, की ग्रंथ मध्येच कुठूनही विचारा, पुढचं धडाधड म्हणून दाखवील. ज्यांच्याकडे तो तीन वर्षं वैद्यक शिकत होता, ते वृद्ध वैद्यबुवा मात्र मितभाषी. रोगी आला की त्याला दोन प्रश्न विचारायचे आणि मग तासभर त्याचं ऐकत बसायचे. अच्युतला हा काळाचा निव्वळ अपव्यय वाटे. लक्षण दिसलं की औषध ठरलं, मग रोग्याची सगळी जन्मकथा कशाला ऐकायची, असं त्याचं मत होतं. ते त्यानं गुरुजींना कधी सांगितलं नाही, एवढाच काय तो विनय.

गाव विणकरांचं होतं. घरोघरी रेशमाचे माग. मार्गशीर्ष सरत आला होता आणि त्या वर्षी थंडी अशी कोरडी पडली होती, की पोरांचे गाल तडकले, बायकांच्या टाचांना भेगा पडल्या, म्हाताऱ्यांची अंगं खाजून खाजून लाल झाली. त्याच सुमारास वैद्यबुवांना पलीकडच्या गावातल्या एका जुन्या रोग्याकडे जावं लागलं. निघताना ते म्हणाले, "आठ-दहा दिवस लागतील. अडलं तर थांब. घाई करू नकोस." अच्युतनं मान डोलावली. तरुण माणसं मान फार सुरेख डोलावतात.

तिसऱ्या दिवशी सोनाजी विणकर आला. पन्नाशीचा, शांत, गावातला नावाजलेला कारागीर. दोन्ही हात त्यानं उपरण्याखाली झाकून आणले होते. ते त्यानं बाहेर काढले, तसा अच्युत पुढे वाकला. बोटांची पेरं लाल, सुजलेली. टोकांचं कातडं सोलवटलेलं. मधून मधून बारीक चिरा आणि एक-दोन चिरांत रक्त.

"थंडीत दरवर्षी थोडं होतंच," सोनाजी म्हणाला. "पण यंदा हद्द झाली बघा. आणि नेमकं यंदाच व्हायचं होतं. पोरीचं लग्न आहे माघातल्या पंचमीला."

मग त्यानं सांगितलं ते असं. सोनाजीनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींसाठी पैठण्या विणल्या होत्या. आता स्वतःच्या सुभद्रेसाठी तो एक विणत होता. पोरीची आई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हा शेवटच्या दिवसांत त्यानं तिला शब्द दिला होता, की सुभद्रा माझ्या हातची पैठणी नेसून बोहल्यावर चढेल. सगळी झाली होती, फक्त पदर उरला होता. आणि पदराचं काम मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यानं होत नाही. एकेक रंगाचा धागा बोटांनी ताण्याच्या उभ्या धाग्यांत घालावा लागतो. सोलवटलेल्या बोटाला रेशीम अडकतं, त्याचा तंतू उठतो आणि उठलेला तंतू पुन्हा बसत नाही.

"दुसऱ्या कुणाकडून पदर विणून घ्या की," अच्युत म्हणाला.

सोनाजीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यानं अच्युत ओशाळला आणि लगबगीनं कपाटाकडे वळला.

लेप त्यानं मन लावून केला. गाईचं तूप, त्यात मंजिष्ठा, ज्येष्ठमध. दिवसातून तीनदा लावायला सांगितलं. सोनाजीनं डबी कपाळाला लावली आणि तो गेला. चार दिवसांनी परत आला तो हात आणखी बिघडवून. अच्युतला आधी आश्चर्य वाटलं, मग राग आला. औषधाचा राग, रोगाचा राग आणि थोडासा सोनाजीचाही. "लावता ना नीट?" त्यानं विचारलं. सोनाजी म्हणाला, "देवाशप्पथ लावतो." मग अच्युतनं लेपात कडुनिंब घातला, सढळ हातानं हळद घातली आणि तीनाच्या पाच वेळा केल्या. दुखणं जोरात, तर औषधही जोरात. हिशेब सरळ होता.

वैद्यबुवा परतले त्या दिवशी सोनाजी ओसरीवर बसलेला होता. हातांची दशा बघवत नव्हती. जवळच सुभद्रा उभी होती, सावळी, सडसडीत, बापासारखीच शांत. पण डोळे रडून लाल झालेले.

"वैद्यबुवा," सोनाजी म्हणाला, "आता दोन्ही हातांनी भाकरीसुद्धा मोडवत नाही. सत्तावीस दिवस राहिले. पदर व्हायचा का नाही, तेवढं एकदा सांगा. खोटा धीर देऊ नका."

"पदराला किती दिवस लागतील?"

"हात धड असते, तर पंधरा."

वैद्यबुवांनी त्याचे हात आपल्या हातांत घेतले, उलटसुलट करून पाहिले, नाकाशी नेऊन त्यांचा वास घेतला. मग अच्युतचा लेप बोटावर घेऊन पाहिला. अच्युत बोलणी खायच्या तयारीनं उभा राहिला. पण गुरुजी लेपाबद्दल काहीच बोलले नाहीत. त्यांनी सुभद्रेकडून जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर मागवलं. कोमट पाण्यात सोनाजीचे हात क्षणभर बुडवले, न चोळता टिपून घेतले आणि ओलसर असतानाच त्यांवर नुसतं साधं तूप बोटानं हलकेच ठेवलं. मग त्या धोतराच्या पट्ट्यांनी दोन्ही हात मनगटापर्यंत सैलसर बांधले.

"नऊ दिवस," ते म्हणाले. "दिवसातून एकदा पोरीनं सोडायचं, आत्ता मी केलं तेवढंच करायचं आणि परत बांधायचं. बाकी काही नाही. गाठ तिनंच सोडायची. तू नाही."

"आणि नऊ दिवस मी करू काय?"

"बस."

मग ते अच्युतकडे वळले. "तू याच्या घरी राहायला जा. गेले पंधरा दिवस हा स्वतःच्या हातांना सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे करीत आला, ते ते याला विचारून विचारून तू तुझ्या हातांना करायचं. काही गाळायचं नाही. लेपही तुझाच लावायचा, पाच वेळा."

अच्युत बघतच राहिला. "गुरुजी, माझे हात तर बरे आहेत."

"म्हणूनच," वैद्यबुवा म्हणाले आणि आत गेले.

हा कसला उपचार? रोग्याला औषध नाही आणि निरोग्याला पाच वेळा! प्रवासात गुरुजींना थंडी तर बाधली नाही ना, असंही अच्युतच्या मनात येऊन गेलं. पण आज्ञा ती आज्ञा. तो वळकटी घेऊन सोनाजीच्या घरी गेला.

सोनाजीलाही प्रथम हे अवघडच वाटलं. ओटीवर तो बांधलेले हात मांडीवर ठेवून बसला आणि संकोचानं सांगू लागला. "पहाटे बोटं गारठलेली असतात. म्हणून आधी बंबातलं कढत पाणी. सोसेल त्याच्याहून थोडं जास्त." अच्युतनं हात बुडवले. सुरुवातीला बरं वाटलं, अगदी सुख वाटलं. "आता रिठ्याचा फेस. मग ही टाचा घासायची खरखरीत वजरी. बोटांची टोकं घासायची." घासली. "आता शेगडीवर हात धरायचे, कोरडे ठणठणीत होईपर्यंत. आता हा धागा घ्या." सोनाजीनं रेशमाची एक लड दाखवली. "बोटावरून ओढून बघा. अडकतो का?"

"नाही."

"अडकला असता तर पुन्हा वजरी. बापानं शिकवलेली खूण आहे. बोटाला रेशीम अडकलं, की घासून गुळगुळीत करायचं, मगच मागाला हात लावायचा."

मग लेपाची वेळ झाली. अच्युतनं लेप लावला आणि ऐटीत बसला. आपलं औषध आपण पहिल्यांदाच लावून घेत आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं. थोडा वेळ गेला आणि सोनाजी म्हणाला, "हं, उठा. धुवा आता."

"धुवा? लेप जिरायला चार घटका तरी हव्यात!"

"अहो, तुपाचा हात रेशमाला लागला तर डाग पडेल ना. जन्मात जायचा नाही. कढत पाण्यानं धुवा, रिठा लावून. दोनदा लावा, तूप चिवट असतं. आणि दुसऱ्या डबीतलं लावलंत ना, मग वजरी घ्याच. हळदीचा पिवळा रंग रिठ्यानं जात नाही."

अच्युतचा चेहरा उतरला. "म्हणजे जितक्या वेळा लेप..."

"तितक्या वेळा धुणं. आधी सकाळ-संध्याकाळ दोनदा धुवत होतो. तुम्ही तीनदा लेप सांगितला, मग पाचदा सांगितला..." सोनाजी बोलता बोलता थांबला. त्यालाही हे आत्ताच कळत होतं.

"मला सांगितलं का नाही तुम्ही?" अच्युतनं विचारलं.

"तुम्ही कुठं विचारलंत?" यात टोमणा नव्हता. सोनाजी भोळेपणानंच बोलला होता, पण अच्युतला ते फार लागलं.

तरी काही गाळायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचे हात ताणल्यासारखे वाटू लागले. संध्याकाळी खाज सुटली. तिसऱ्या दिवशी पेरांवर लाली आली आणि रिठ्याच्या पाण्यात हात घालताच झिणझिण्या डोक्यापर्यंत गेल्या. सुभद्रा चुलीपाशी बसून बघत होती. मधूनच ती बापाच्या तोंडात घास भरवी. सोनाजी आधी लाजायचा. मग लाजायचा थांबला.

चौथ्या दिवशी सकाळी अच्युतनं सगळं यथासांग केलं आणि रेशमाचा धागा उजव्या तर्जनीवरून ओढला. धागा अडकला. त्यानं पुन्हा ओढला. पुन्हा अडकला आणि त्याचा एक तंतू केसासारखा उभा राहिला. चार दिवसांपूर्वीचं निरोगी, तरुण बोट! अच्युत मुकाट्यानं वजरीकडे हात नेऊ लागला. टोकाला चीर पडलेली होती, त्यावरच ती घासायची होती.

"बास!" सोनाजी ओरडला. या माणसाला कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं. "बास करा हो! चांगले हात होते तुमचे. कशाला घासता आता त्याला? जखम आहे ती, दिसत नाही का? पाणी लावू नका, काही लावू नका, राहू द्या त्याला जरा!"

एवढं बोलून तो थबकला. सोनाजीनं आपल्या मांडीवरच्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं. त्या हातांसाठी हे शब्द त्याच्या तोंडातून एकदाही निघाले नव्हते. त्याचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते. सुभद्रेनं पदरानं पुसले.

त्याच दुपारी वैद्यबुवा आले. त्यांनी अच्युतचे हात पाहिले आणि त्याला ओटीवर बसवून त्याच्याही हातांना तूप लावून पट्ट्या बांधू लागले. बांधता बांधता हळू आवाजात म्हणाले, "तुझा लेप उत्तम होता, अच्युत. पहिला तर मीही तसाच केला असता. पण तू दुखणं पाहिलंस आणि लेप दिलास. हे हात दिवसभर कुठं असतात, कशाला भितात, हे पाहिलं नाहीस. थंडीत अंगातलं तेल मुळातच आटतं. जे थोडं उरतं त्याच्या आधारानं कातडं स्वतःला सांधायला घेतं. आपण त्याला कढत पाण्यात घालतो, घासतो, शेकतो. ते पुन्हा सांधायला घेतं, आपण पुन्हा घासतो. सोनाजीनं हे हलगर्जीपणानं केलं नाही. पदराच्या काळजीपोटी केलं. तूही काळजीपोटीच केलंस. काळजी लागली, की माणसाला सारखं काहीतरी करावंसं वाटतं. त्या वेळी स्वतःला थोपवून धरणं फार कठीण आहे. मला ते साठीनंतर जमायला लागलं."

"मी त्यांचा पदर घालवला असता, गुरुजी," अच्युत म्हणाला.

"असता," वैद्यबुवा म्हणाले. त्यांनी त्याला खोटा धीर दिला नाही. ते त्याला परत घरी घेऊन गेले. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला पिठलं-भाकरी भरवली आणि अच्युत, पाठांतराचा सगळा तोरा असलेला अच्युत, लहान मुलासारखा तोंड उघडून जेवला.

सातव्या दिवशी अच्युत सोनाजीकडे गेला तेव्हा सुभद्रा नेमकी पट्ट्या सोडत होती. लाली ओसरली होती. चिरा मिटल्या होत्या. बोटांच्या टोकांवर नवं, पातळ, गुलाबी कातडं धरलं होतं. सोनाजीचा चेहरा फुलला. कोमट पाण्यातून हात बाहेर निघाले न निघाले, तोच तो मागाकडे वळला.

"एकदाच धागा लावून बघतो. फक्त बघतो."

अच्युतच्या ओठांवर 'बघा' हा शब्द आला होता. खरं सांगायचं तर त्यालाही बघायचं होतं. किंबहुना त्यालाच जास्त बघायचं होतं. पण सुभद्रा बापाच्या आणि मागाच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आबा," ती म्हणाली, "दिवाळीपासून तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. उठता बसता पदर. मी काही विचारलं की म्हणायचात, थांब, एवढी ओळ होऊ दे. या सात दिवसांत तुम्ही मला आईच्या किती गोष्टी सांगितल्यात, माहीत आहे? मला एकही ठाऊक नव्हती. महिन्याभरात मी जाणार. वैद्यबुवांनी तुम्हाला नऊ दिवस बसायला सांगितलंय ना? ते नऊ दिवस माझे आहेत. त्यातला एकही मी धाग्याला देणार नाही."

सोनाजी उभ्या जागी विरघळला. लेकीकडे बघत राहिला, मग मुकाट्यानं खाली बसला आणि दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "बांध बाई," तो म्हणाला. "घट्ट बांध." तिनं सैलच बांधले, सांगितलं होतं तसे.

नवव्या दिवशी वैद्यबुवांनी पट्ट्या सोडल्या आणि पुढचा नेम सांगितला. दिवसा रेशीम, रात्री तूप. झोपताना लावायचं, वर जुनं मऊ कापड गुंडाळायचं आणि रात्रभर जिरू द्यायचं. सकाळी आधी कोरड्या फडक्यानं टिपायचं आणि मग कोमट पाणी, एकदाच. शेगडी दूर, वजरी बंद. बोटाला रेशीम अडकलं, तर त्या दिवशी माग बंद आणि बोटाला विश्रांती. "पदराला एक दिवस उशीर झालेला चालेल," ते म्हणाले, "पण अडकलेल्या बोटाला कामाला जुंपायचं नाही." सोनाजीनं पदरावरच्या चार मोरांपैकी दोन कमी केले. चाळीस वर्षांत स्वतःहून त्यानं कधी नक्षी कमी केली नव्हती.

त्यानंतर अच्युत रोज सकाळी त्या गल्लीतून जाऊ लागला. आत मात्र जात नसे. आत गेलो तर हात बघावेसे वाटतील, हात बघितले तर काहीतरी सुचवावंसं वाटेल, हे त्याला आता ठाऊक झालं होतं. तो बाहेर उभा राहून मागाचा आवाज ऐके. मध्ये दोन दिवस माग बंद होता. त्या दोन्ही दिवशी तो गल्लीतून दोन-दोनदा फेऱ्या मारून आला. तिसऱ्या दिवशी आवाज पुन्हा सुरू झाला आणि मग रोज ऐकू येत राहिला.

लग्न दोन दिवसांवर आलं, त्या सकाळी माग पुन्हा बंद होता. अच्युत दारापर्यंत गेला. दार अर्धवट उघडं होतं. आत सुभद्रा उभी होती आणि सोनाजी तिच्या खांद्यावर पैठणीचा पदर टाकून बघत होता. पदरावर दोन मोर समोरासमोर. सोनाजीनं आपला उजवा हात पदरावर ठेवला आणि खांद्यापासून खालपर्यंत, सावकाश, सगळ्या तळव्यानिशी फिरवला. हात कुठेही अडला नाही. मग पुन्हा वरून खाली फिरवला, आणि पुन्हा. काही तपासायचं म्हणून नव्हे, नुसताच.

अच्युत आवाज न करता मागे फिरला.

वैद्यबुवा ओसरीवर उन्हाला बसले होते. "जाऊन आलास?" त्यांनी विचारलं. "कसे आहेत हात?"

"मी तपासले नाहीत, गुरुजी."

"काही द्यायचं राहिलंय त्याला?"

अच्युतनं थोडा विचार केला. पूर्वीचा अच्युत असता, तर एखादं चूर्ण तरी सांगितलंच असतं.

"नाही," तो म्हणाला आणि गुरुजींच्या शेजारी उन्हात बसला.